बारकीची गोळी, माझी पाटी

आमच्या बारकीबद्दल कोणी लिहायचं झालं तर ते मीच लिहिणार, हे आधीच सांगून ठेवतो. तिच्या हॉस्पिटलातले डॉक्टर माझ्यापेक्षा जास्त शिकलेत, मान्य. पण तिला पहिल्या दिवशी शाळेत सोडायला गेलो होतो तो मी. ती रडली नाही, मी रडलो. तिला विचारलंत तर तीही हेच सांगेल, कारण तिला खोटं बोलता येतच नाही. घरात तो गुण तिला एकटीलाच मिळालाय.

मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. पुस्तकं ठेवली आणि गाड्यांची सीटकव्हरं शिवायला लागलो. आज दुकान माझं आहे. या भागातल्या निम्म्या गाड्यांतली माणसं माझ्या शिलाईवर बसून फिरतात. ही फुशारकी नाही, उठवून बघा. बारकीला मात्र मी मशीनजवळ फिरकू दिलं नाही. म्हटलं, सुईच हातात धरायची असेल तर शिकून धर, माणसांना टोच. ती नर्स झाली.

उंची अशी, की सलाइनची बाटली अडकवायला तिला स्टुलावर चढावं लागतं. पण अतिदक्षता विभागात, म्हणजे जिवावर बेतलेले पेशंट जिथे ठेवतात तिथे, तिला चौदा वर्षं झाली. पांढऱ्या केसांचे डॉक्टर तिच्याकडे वळून विचारतात, "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?" मी स्वतः ऐकलंय. एकदा डबा द्यायला गेलो होतो तेव्हा. घरी येईपर्यंत सतरा जणांना सांगितलं.

मग कोरोना आला. बारकी हॉस्पिटलच्याच वसतिगृहात राहायला गेली, घरी यायची सोय नव्हती. दुपारच्या सुट्टीत फोन करायची. दुकान बंद, मी अर्ध्या शटरच्या आत फोमच्या गठ्ठ्यावर बसून वाट बघायचो. पडद्यावर तिचा चेहरा दिसायचा, मास्कनं नाकावर लाल वळ उठलेले.

"दादा, आम्हाला काहीच माहीत नाही रे," ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली.

"असं कसं? डॉक्टर आहेत ना तिथे?"

"त्यांनाही नाही. आजारच नवा आहे."

मला ते अजिबात आवडलं नाही. माझी बहीण, आणि तिला माहीत नाही? गल्लीत लोक विचारायचे तेव्हा मी छातीठोक सांगायचो, "बारकी म्हणते, सगळं ताब्यात आहे." उचलली जीभ लावली टाळ्याला.

ताब्यात काही नव्हतं. तेव्हा कसं होतं, पेशंटचा ऑक्सिजन जरा खाली गेला की घशात नळी घालून लगेच श्वासाच्या मशीनवर ठेवायचे. बाकीच्या आजारांत तसंच करत आले होते. पण नळी घातलेली फार माणसं परत येईनात. आणि काही पेशंट असे, की बोटाला लावलेल्या चिमट्यावर आकडा ऐंशी, आणि हा बाबा फोनवर घरच्यांना रागावतोय, "मला इथे उगाच डांबून ठेवलंय!" असा आकडा आणि असा आवाज एका माणसात कसा, कोणालाच कळेना. मग ठरलं, घाई नको. आधी नाकातून जोरात ऑक्सिजन देऊ, आणि पालथं झोपवून बघू.

यात आमची बारकी वाघीण. माणूस पालथा झोपला की फुप्फुसांचा पाठीकडचा दबलेला भाग उघडतो म्हणे. बेशुद्ध माणसाला पालथं करायला पाच जण लागतात. एक जण डोकं आणि नळी धरतो, तोच आकडे मोजतो, आणि तो जे म्हणेल ते बाकीच्यांनी ऐकायचं. ती डोकं धरायची. "एक, दोन, तीन" म्हणायची आणि शंभर किलोचा बसड्रायव्हर चादरीसकट अलगद उलटा. अर्ध्या तासात त्याचा आकडा ब्याऐंशीवरून त्र्याण्णव झाला. लोक पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, आमच्या बारकीनं पालथ्या माणसांत श्वास भरला.

अडचण एकच. सोळा-सोळा तास तोंडावर झोपून गालाला, कपाळाला जखमा व्हायच्या. "दादा, पुसता येईल अशी उशी करून देशील का? मधे मोकळी, नळी जाण्यापुरती." मला विचारलं, दुसऱ्या कोणाला नाही! दुपारभर बसून घोड्याच्या नालेच्या आकाराची उशी केली, उत्तम रेक्झिन, कडेनं दोरी भरून उठावदार लाल पायपिंग. चार पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी फोन. "दादा, ही गाडीची सीट नाही, माणसाचं तोंड आहे. तुझं पायपिंग गालावर उमटतंय."

"अगं, शोभा येते त्यानं."

"कोणाला? पेशंट उशीकडे बघत नाही, उशीत तोंड घालून झोपलाय."

पायपिंग काढलं. फोम मऊ घेतला, शिलाई खालच्या अंगाला नेली. चौथ्या वेळी जमलं. नंतर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आणखी चोवीस मागवल्या. हे मला सांगायलाच हवं.

त्यांच्या औषधांच्या खोलीत एक कपाट आहे. त्याच्या दारावर उपचारांचा कागद चिकटवलेला असायचा, कोणाला काय द्यायचं, किती द्यायचं. नवा कागद आला की जुन्याच्या वर लावायचा. थप्पी इतकी जाड झाली की चिकटपट्टी धरेना. माझ्याकडून सीटकव्हरची स्टेपल मारायची बंदूक मागून नेली. तिची पहिली मागणी उशीची, दुसरी बंदुकीची. मलेरियाची गोळी एका कागदावर आली, काही कागदांनंतर गेली. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातलं पाणी, प्लाझ्मा म्हणतात ते, आलं आणि गेलं. रक्त गुठळ्या धरतंय हे लक्षात आल्यावर रक्त पातळ ठेवायचं औषध आलं आणि राहिलं.

मग एका दुपारी तिचा फोन आला, आणि किती महिन्यांनी ती हसली.

"दादा, एक गोळी सापडलीय! जुनीच आहे, स्टेरॉइडची, साधी, कुठेही मिळते. हजारो पेशंटवर नीट चाचणी झाली. ज्यांना ऑक्सिजन लागतोय त्यांच्यातली माणसं वाचतायत. ज्यांना लागत नाही त्यांना..."

खरं सांगतो, 'गोळी' शब्दानंतर मी ऐकणं सोडलं होतं. मनात मी गल्लीत पोचलो होतो.

पुढची मोठी लाट आली तेव्हा दवाखान्यांत जागा मिळेना, लोक घाबरलेले. मी रेक्झिनच्या गुंडाळीचा पुठ्ठा कापला, मार्करनं मोठ्या अक्षरांत गोळीचं नाव लिहिलं आणि खाली, 'घाबरू नका. ताप आला की लगेच सुरू करा. माझी बहीण अतिदक्षता विभागात नर्स आहे.' पाटी दुकानावर टांगली. लोक फोटो काढून न्यायचे. ओळखीच्या औषधवाल्यानं चिठ्ठी न मागता पाकिटं दिली, ती मी सात घरांत स्वतःच्या हातानं पोचवली. माणूस चांगलं करायला निघाला की त्याला अडवणारं कोणी भेटत नाही.

आठव्या घराची वेळ आली तेव्हा ते घर माझं होतं. बायकोला ताप आला. पहिल्याच संध्याकाळी मी गोळी दिली. दुसऱ्या दिवशी ताप गायब, अंगदुखी गायब, भूक लागली. "बघ," मी म्हटलं. "बघितलं," ती म्हणाली. मी आरामखुर्ची बाहेर काढून बसलो.

पाचव्या दिवशी तिला तहान लागायला लागली. तांब्यावर तांबे. डोळ्यांसमोर धूसर दिसतंय म्हणाली. घरच्या चिमट्यावर आकडा ब्याण्णव. तेवढ्यात बारकीचा फोन आला.

"वहिनी, आवाज का असा? काय घेतेयस?"

"तुझीच गोळी गं, दादांनी दिलेली. पहिल्या दिवसापासून."

फोन कट झाला. मला वाटलं, रेंज गेली.

तासाभरात ती दारात होती. दोन्ही लसी झालेल्या, तोंडावर डबल मास्क, हातात साखर तपासायचं यंत्र. दुकानावरून आली होती, म्हणजे पाटी वाचून आली होती. वहिनीच्या बोटाला सुई टोचली. साखर चारशे दहा. आजवर माझ्या बायकोला साखरेचा आजार नव्हता, निदान आम्हाला माहीत नव्हता.

"दादा, चोर घरात शिरत होता तेव्हा तू कुत्र्याला झोपेचं औषध घातलंस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पहिल्या आठवड्यात शरीर विषाणूशी लढत असतं. ही गोळी त्या लढणाऱ्यांनाच झोपवते. ताप जातो, बरं वाटतं, आणि विषाणूला रान मोकळं. दुसऱ्या आठवड्यात काहींचा कुत्रा पिसाळतो आणि घरच्यांनाच चावायला लागतो. तेव्हा ऑक्सिजन लागतो, आणि तेव्हाच ही गोळी द्यायची. मी सांगितलं होतं तुला. अख्खं वाक्य सांगितलं होतं."

या वेळी मी अख्खं वाक्य ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा, असं बायको म्हणते.

गाडी बोलावली होती. वहिनीला जिन्यावरून उतरवताना बारकी मागे वळली. "वहिनीकडे मी बघते. तुला तिथे आत घेणार नाहीत. पाटीवर वाचलं ते वाचलं, पण पाकिटं किती घरांत दिलीस?"

"सात."

"मग जा."

"आणि काय सांगू?"

"चुकलो म्हण."

"बारके, या गल्लीत मला पंचवीस वर्षं झाली. आजवर..."

"आमचे मोठे डॉक्टर दर सोमवारी सगळ्यांसमोर उभे राहून म्हणतात, गेल्या आठवड्यात मी सांगितलं ते चूक निघालं, आजपासून असं करायचं. त्या कपाटावरचे कागद कशाचे आहेत असं वाटलं तुला?"

"लाज नाही वाटत त्यांना?"

"वाटत असेल. पण त्यांना लाज वाटली त्या सोमवारनंतर माणसं वाचली. वहिनी, हळू, एक पायरी आहे अजून." आणि गाडी गेली.

मी आधी पाटी उतरवली आणि पायाखाली घालून मोडली. मग पाटीच्या फोटोचं काय करायचं ते सुचेना, म्हणून जेवढे नंबर होते त्या सगळ्यांना लिहिलं, पाटी चूक होती, पुढे पाठवलीत तर हेही पाठवा. उरली सात घरं. आता गंमत बघा, मीच बाधित असण्याची शक्यता, म्हणजे कोणाच्या दारात जाऊन कानात सांगायची सोय नाही. रस्त्याच्या मधोमध उभं राहून ओरडायचं. भर दुपारी. आणि माझा आवाज तुम्हाला माहीत नाही, मशीन चालू असताना गिऱ्हाइकाशी बोलायची सवय आहे मला.

पहिलं घर निवृत्त पोस्टमास्तरांचं. "मास्तर! ती गोळी घेऊ नका! मी चुकलो!"

ते खिडकीत आले. "मी घेतलीच नव्हती. सीटकव्हरवाल्याकडून मी फक्त सीटकव्हर घेतो."

दुसऱ्या घरातल्या शिवणबाईंनी मला जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. मुलीला कालपासून ताप होता, दोन गोळ्या पोटात गेल्या होत्या. "तुमच्या भरवशावर माझं लेकरू!" त्या ओरडल्या. मी खाली मान घालून ऐकलं आणि बारकीच्या हाताखालच्या डॉक्टरांचा नंबर ओरडून सांगितला, एकेक आकडा दोनदा. तोवर सगळ्या गॅलऱ्यांत माणसं आली होती. हरकत नाही म्हटलं, एकाच ओरडण्यात काम होतंय.

तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या घरात पाकीट फोडलेलं नव्हतं. सहाव्या घरात इस्त्रीवाला आणि त्याची म्हातारी आई. "आई काय करतेय?" मी खालून विचारलं.

"छान झोपलीय सकाळपासून. गोळीनं आराम पडलाय."

सकाळपासून झोपलीय म्हटल्यावर मी धावत त्याच्या दारापर्यंत गेलो. माझा बोटाचा चिमटा मी उंबऱ्यावर ठेवला, मागे सरलो. त्यानं पुसून आत नेला. आतून आवाज आला, "अठ्ठ्याऐंशी दाखवतंय. चांगलं आहे ना?"

"चांगलं नाही रे बाबा! गाडी बोलाव! आणि तोवर पालथी झोपव, पोटावर! छातीखाली उशी घाल!" मी रस्त्यावरून ओरडून तिला पालथी करवली, एक, दोन, तीन म्हणून. गाडी येईपर्यंत आकडा एक्क्याण्णव झाला.

सातव्या घराला कुलूप होतं. गावी गेले होते. तीन दिवस मी फोन लावत राहिलो, चौथ्या दिवशी लागला. बरे होते.

हॉस्पिटलात पुढे काय झालं ते मला बारकीच्या फोनवरून कळायचं. बायकोचा आकडा नवव्या दिवशी सत्त्याऐंशीवर आला. आता तिला ऑक्सिजन लावला, रक्त पातळ ठेवायचं औषध दिलं, साखरेसाठी इन्सुलिन सुरू केलं. आणि तीच गोळी. होय, तीच. फरक एवढाच, की आता तिची वेळ झाली होती, आणि डोस मोजणारा, दर चार तासांनी साखर बघणारा माणूस शेजारी उभा होता. नळी घालायची घाई कोणी केली नाही. पहिल्या वर्षी असती तर आल्या दिवशीच घातली असती, असं बारकी म्हणाली. जागेपणीच तिला पालथी झोपवायचे, माझ्याच उशीवर. त्यावर बाईसाहेबांचा निरोप आला, "अहो, तुमच्या उशीला दुकानाचा वास येतो." मला इतकं बरं वाटलं. नावं ठेवतेय म्हणजे आहे.

दहाव्या दिवशी मात्र फोनवर बारकीचा चेहरा बघून ती बोलायच्या आधीच मी विचारलं,

"वाचेल ना गं?"

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, हो हो, काळजी करू नका. मी स्वतः लोकांना तेच सांगत आलो होतो. बारकी म्हणाली, "सकाळपेक्षा आत्ता बरी आहे. उद्याचं मला माहीत नाही, दादा."

कोरोनाच्या पहिल्या आठवड्यात हेच 'माहीत नाही' ऐकून मला तिचा राग आला होता. त्या दुपारी मी त्याच्या आधीच्या वाक्याला धरून बसलो. सकाळपेक्षा आत्ता बरी आहे. ज्या बाईला उद्याचं माहीत नसताना माहीत आहे म्हणता येत नाही, तिनं आत्ता बरी म्हटलं म्हणजे आत्ता बरी आहे. शिकलेल्यांना ही गोष्ट कळायला पुस्तकं लागत असतील. मला बायको पणाला लावावी लागली.

अकराव्या दिवशी आकडा एक्क्याण्णव. बाराव्या दिवशी ऑक्सिजन निम्म्यावर. शिवणबाईंची मुलगी गोळी थांबवून घरीच बरी झाली, इस्त्रीवाल्याची आई आधीच घरी गेली होती, ती म्हातारी फारच चिवट. सतराव्या दिवशी माझी बायको व्हीलचेअरवरून दारापर्यंत आली आणि पहिलं काय म्हणाली, तर, "केवढे वाळलात! खात होता की नुसते ओरडत होता?"

गोष्ट इथे संपली असं मला वाटलं होतं, बारकीला नाही. बरी झालेली माणसं पूर्ण बरी नसतात, हे तोवर त्यांच्या लक्षात आलं होतं. दम लागतो, शब्द आठवत नाहीत, आंघोळ करून माणूस पडून राहतो. आधी अशांना घरी पाठवून म्हणायचे, होईल हळूहळू. मग बारकीनं आणि त्या डॉक्टरीणबाईंनी दर बुधवारी अशांसाठी वेगळी तपासणी सुरू केली. आता ती तपासणी बारकीच सांभाळते. माझी बायको वर्षभर गेली. साखर हळूहळू जागेवर आली. श्वासाचे व्यायाम ती करायची आणि मी शेजारी बसून चुकीचे करायचो.

आता तर म्हातारी, जोखमीची माणसं असतील तर पहिल्या पाच दिवसांत द्यायचं वेगळं औषधही आहे. ते कोणाला चालतं, कोणाला नाही, त्याची मोठी यादी आहे. ती यादी माझ्याकडे नाही आणि मी मागितलेली नाही. गल्लीतले लोक अजून माझ्याकडेच येतात, हे विशेष. मास्तरसुद्धा. विचारतात, दादा, ताप आलाय, काय घेऊ? मी म्हणतो, मला माहीत नाही, बारकीला विचारून सांगतो. आणि विचारतो, अख्खं वाक्य संपेपर्यंत फोन कानाला धरून.

शेवटच्या बुधवारी बायकोची चालण्याची परीक्षा होती. लांब बोळ, दोन टोकांना दोन खुर्च्या, बोटाला चिमटा, सहा मिनिटं झपझप चालायचं. बारकी घड्याळ धरून उभी. बाकड्यावर आठ-दहा जण वाट बघत होते, त्यांना मी सांगत होतो की ही घड्याळवाली माझी बहीण.

"दादा, तू पण चाल वहिनीबरोबर. बडबड थांबेल."

चाललो. तिसऱ्या फेरीला मला दम लागला, बायकोला नाही. ती पुढे गेली. पाठमोरी, पदर खोचून, ताडताड. मी खुर्चीवर बसून बघत राहिलो. सहा मिनिटं झाली तेव्हा ती बोळाच्या पलीकडच्या टोकाला होती आणि थांबायला तयार नव्हती.

"किती?" मी ओरडलो.

बारकीनं जाऊन चिमटा बघितला, एकदा, मग बोट पुसून पुन्हा एकदा.

"शहाण्णव," ती म्हणाली. "वहिनी, पुढच्या बुधवारपासून येऊ नकोस. तुझी जागा मला दुसऱ्या कोणाला द्यायचीय."